माळ्यावरची एकनळी

रिहे खोऱ्यात सध्या जुनी घरं उतरवण्याचा सपाटा चालू आहे. हिंजवडीचा पसारा माणवरून घोटावड्याच्या दिशेनं सरकत आला, जमिनीला भाव आला, आणि कौलं उतरवून स्लॅब टाकायची घाई सुरू झाली. घर उतरवायचं म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. घंगाळं, इरली, मोडकी पाभर, तुटका कंदील असं सगळं खाली येतं. आणि एखाद्या घरात गोणपाटात गुंडाळलेली, गंजून तांबूस झालेली बंदूकही खाली येते. आजोबांच्या काळातली, नाहीतर त्याच्याही आधीची.

अशी बंदूक ज्या घरात निघेल किंवा आजही परवान्यावर भिंतीला टांगलेली असेल, त्या घरासाठी हे लिहितो आहे. कारण बंदूक खाली आली की पहिल्या तासाभरात ज्या गोष्टी होतात, त्यातल्या बहुतेक चुकीच्या असतात. पोरं तिच्याबरोबर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. कुणीतरी काचपेपर आणतं. आणि कुणीतरी मोबाईलवर शोधून सांगतं, की असलीच एकबारी रायफल परदेशात लिलावात काही लाखांना गेली, हिचा बोअर, म्हणजे नळीचं माप, तर आणखी दुर्मीळ आहे, तेव्हा आपलं नशीब उघडलं.

ती लिलावाची बातमी खोटी असेलच असं नाही. एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या रायफलींचे शौकीन इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. १८७२ साली पेटंट झालेल्या फार्कर्सनच्या बांधणीची, ब्रिस्टलच्या गिब्जनं बनवलेली रायफल असो किंवा ब्राउनिंगच्या आराखड्यावरची विंचेस्टर १८८५ असो, नेहमीच्या मापापेक्षा वेगळ्या बोअरची निघाली तर तिथं तिची किंमत वाढते. पण तिथला कायदा वेगळा आहे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरातन धरली जाते. इंग्लंडमध्ये ज्या मापांची काडतुसं बाजारातून गेली, त्या मापांची यादीच आहे. मार्टिनी-हेन्रीचं ५७७/४५० हे माप त्या यादीत असल्यानं तशी जुनी रायफल शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय घरात ठेवता येते. बोअर दुर्मीळ म्हणून बंदूक मोकळी, असा तिकडचा हिशेब आहे.

आपल्याकडे तो हिशेब लागू नाही, हे आधी मनात पक्कं करा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बाळगायला परवाना लागतो, मग काडतूस मिळो न मिळो. कलम ४५ मध्ये एक सवलत आहे खरी. जुन्या पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल, तर त्याला हा कायदा लागत नाही. यातले ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द नीट वाचा. चाप गंजला, दस्ता मोडला, घोडा अडकला एवढ्यानं बंदूक निकामी ठरत नाही, कारण चांगला मिस्त्री ती चालू करू शकतो. आणि निकामी आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, ते तपासणाऱ्या तज्ज्ञाचं काम आहे. विनापरवाना साधी बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. ‘आजोबांची आठवण’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

आता बोअरबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. आपल्या देशात बंदुकीचं माप वेगळं निघण्यामागे कारागिराची हौस थोडी आणि सरकारची भीती जास्त आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी गोऱ्या सैनिकाच्या हातात आटे पाडलेल्या नळीची, लांबवर नेम धरणारी ५७७ ची एनफिल्ड ठेवली. हिंदी पलटणींना मात्र दिसायला तशीच पण आतून गुळगुळीत, ६५६ मापाची बंदूक दिली. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नसे, पण नेम तेवढा लागत नसे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं गावोगावची हत्यारं परवान्यात बांधली. १९०७ साली ४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण त्या मापाच्या गोळ्या जुन्या मार्टिनींत जातील आणि मार्टिनी बंडखोरांच्या हाती असतात, ही धास्ती होती. शिकारीच्या रायफली बनवणाऱ्या इंग्रज कंपन्यांची त्यामुळे पंचाईत झाली, आणि ४६५, ४७० अशी नवी मापं त्यातून जन्माला आली. सैन्याची थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला नको म्हणून थ्री-फिफ्टीन, म्हणजे तीनशे पंधरा बोअर, रुळली. ती आजही सरकारी कारखान्यात बनते.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती पोलिसांची ४१० मस्कट. ईशापूरच्या कारखान्यात सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफली घेऊन त्यांच्या नळीतले आटे घालवले, माप ४१० केलं आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. दहा गोळ्यांची रायफल एकबारी झाली. जवळून पाहिलं तर बोल्ट उघडल्यावर आत ते लाकूड दिसतं, काळपट आणि तेल पिऊन गुळगुळीत झालेलं. तिची काडतुसं आपल्या खडकीतही बनत, बुडावर के आणि एफ ही अक्षरं असत. पोलिसाच्या हातून ती जमावानं हिसकावलीच तर लांबचा नेम लागू नये आणि बाहेरचं काडतूसही बसू नये, एवढाच त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ. नंतर यातल्या कित्येक मस्कटी अमेरिकेत गेल्या. तिथं काहींनी बाजारातलं साधं ४१० काडतूस बसावं म्हणून त्यांच्या नळीचं घर कोरून वाढवलं. आज संग्राहक शोधतात त्या न कोरलेल्या.

म्हणून सांगतो, बंदुकीत बदल करू नका. काचपेपर, ग्राइंडर, अ‍ॅसिड, पॉलिश यातलं काहीही तिला लावू नका. नळीवरचा तपकिरी थर घासला की त्याखालचे ठसे झिजतात, आणि ती कुठली, कधीची, कुणी बनवली हे सांगणारे फक्त ते ठसेच असतात. मार्टिनी असेल तर बाजूच्या पोलादी पेटीवर मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही राणीची अक्षरं आणि साल कोरलेलं असतं. इथंच एक पारख करता येते. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. तिच्या अक्षरांखाली १९०८ साल दिसलं, किंवा एन हे अक्षर उलटं कोरलेलं दिसलं, तर ती बहुधा खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी केलेली नक्कल आहे. नकलेलाही इतिहास असतो, पण लिलावाच्या बातमीतला आकडा तिला लावू नका.

नळी आखूड करणं हा तर गुन्हाच आहे. आणि बार उडवून बघायचा मोह सर्वांत वाईट. आपल्याकडे निघते ती बहुधा ठासणीची किंवा १२ बोअरची एकनळी. ठासणीच्या बंदुकीत कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेला बार तसाच असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. जुन्या नळ्या काळ्या दारूच्या जोराला बनवलेल्या असतात. आजच्या काडतुसाचा दाब त्या सोसत नाहीत, फुटतात. तेव्हा ती भरलेली आहे असंच धरून चाला. चाप ओढू नका, घोडा चढवू नका, नळीचं तोंड माणसांकडे करू नका, नळीत गज खुपसून बघण्याचीही घाई करू नका.

किमतीचं म्हणाल, तर आपल्या देशात दुर्मीळ बोअर बहुतेक वेळा भाव पाडतो. घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि त्याला काडतुसं मिळायला हवीत. खडकीत बनणाऱ्या शक्तिमान काडतुसांवर चालणारी साधी १२ बोअर विकली जाते. ज्या मापाचं काडतूस गेल्या पन्नास वर्षांत कुणी पाहिलं नाही, त्या रायफलीला गिऱ्हाईक शोधावं लागतं. चांगल्या परदेशी बंदुकांना इथं जो चढा भाव आहे, तो १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला आयात बंद झाल्यामुळे. आणि दुर्मीळ म्हणजे तरी काय? २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला नेपाळ सरकारचा जुना शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी उचलला. त्यातून हजारो मार्टिनी एकदम बाजारात आल्या, आणि ज्यांच्या कपाटात एखादीच होती त्यांची ऐट तेवढी कमी झाली. नेपाळातच बनलेल्या गहेंद्र रायफलीचं मोल मात्र तिच्या वेगळेपणानं टिकलं.

आपल्याकडून बाहेर पाठवायचा तर प्रश्नच नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे ‘मुंबईची पार्टी आहे, थेट परदेशात जाईल, रोख देतो’ असं म्हणणारा दारात आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. राइस पुलरच्या, म्हणजे तांदूळ खेचणाऱ्या ‘दैवी’ धातूच्या, नावानं लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांची गाठ पडलेली माणसं आपल्या जिल्ह्यातही आहेत.

मग करायचं काय? बंदूक कागदोपत्री असेल आणि परवानाधारक वारला असेल, तर ती लगेच पौड पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. शस्त्र कायद्याचं कलम २१ त्यासाठीच आहे. निवडणुकीच्या वेळी आपण जमा करतोच, तशीच ही पण करायची. जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारसाला स्वतःच्या नावानं परवाना मिळाला की ती परत मिळते, किंवा तो ती कायदेशीर विकू शकतो. पण वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही तर सरकारजमा होते, आणि बऱ्याच बंदुका अशाच जातात. जुना परवाना, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना-हरकत घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाहक्काची वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असताना, तो सत्तरीचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तरी घरातल्या वारसाच्या नावे अर्ज करता येतो. आजोबा बसून बोलत आहेत तोवर हे उरका, गेल्यावर कागद जमवताना नाकी नऊ येतात. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, वारशानं आल्या तरी, हेही धरून चाला. विकायची असेल तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं.

कागद काहीच नसेल तर घाबरून ती मुळेत टाकू नका, विहिरीत टाकू नका, भंगारात देऊ नका. हात न लावता आहे तिथं राहू द्या, त्याच दिवशी वकिलाशी बोला, आणि त्याच्या सल्ल्यानं पोलिसांना लेखी कळवून त्यांनाच घरी बोलवा. पोलीस पाटील आणि गावातली दोन जाणती माणसं साक्षीला ठेवा. माळा उतरवताना मिळाली, कुणी कधी पाहिली, कुठं ठेवली हे सगळं त्या अर्जात सरळ लिहा.

आणि बंदूक हातातून जाण्याआधी, ठसे, अक्षरं, क्रमांक यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा, पण ते ग्रुपवर टाकू नका. तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्यांना जे आठवतं तेही एका वहीत उतरवा. कुणी, कधी, कशासाठी घेतली. भात राखायला की पलटणीतून आल्यावर. शेवटचा बार कधी काढला. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी घरोघरी फिरून जमवलेल्या वस्तू आहेत, त्यात शस्त्रंही आहेत. घरात बंदूक सांभाळायला कुणी नसेल तर पोलिसांच्या परवानगीनं एखाद्या संग्रहालयाला देता येईल का, हे त्या अर्जातच विचारा, आणि त्या वहीची प्रत अर्जासोबत जोडा.