केकवर गुढी उभी करू नका!

पाडवा जवळ आला की माझ्या दुकानात रोज एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, केकवर गुढी उभी करायची आहे, फॉन्डंट किती लागेल?" यंदा पाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे. त्यामुळे हा प्रश्न आत्ताच सुरू झालाय. माझं उत्तरही ठरलेलं आहे. "करू नका."

समोरची ताई जरा दचकतेच. कारण माझं दुकान केकच्या सामानाचं. फॉन्डंट, रंग, काड्या, टॉपर विकूनच माझं घर चालतं. मग मीच नको का म्हणते? त्याचं कारण आज नीट सांगते. घरून केक विकायचा विचार करत असाल तर शेवटपर्यंत वाचा. व्हिडिओत हिशोब घाईत होतो, इथं निवांत मांडते.

माझा पहिला पाडवा

बीबीए झालं, तेव्हा दुकान नव्हतं. मी घरूनच केक करत होते. २०१९ चा पाडवा ६ एप्रिलला आला होता. मी हौसेनं स्टेटस टाकला, "पाडवा स्पेशल गुढी केक". सात ऑर्डर आल्या. मला वाटलं, नाद खुळा! आपण जिंकलो.

दोन दिवस आधीपासून गुढ्या बनवत बसले. काठी, साडी, साडीचा काठ, कलश, गाठी, कडुनिंबाचा डहाळा, सगळं फॉन्डंटचं. साडीच्या निऱ्या करताना रात्रीचे दोन वाजायचे. पाडव्याच्या सकाळी फ्रीजमधून केक बाहेर काढले आणि दहा मिनिटांत फॉन्डंटला घाम फुटला. कलश चिकट झाला, साडीचा रंग पांढऱ्या क्रीमवर उतरला. स्कूटरवरून रंकाळ्याच्या बाजूनं निघाले, तर दोन स्पीडब्रेकरला दोन गुढ्या आडव्या!

पण खरा धडा पुढंच होता. शिवाजी पेठेत एका घरी केक दिला. तो बरा राहिला होता. मुलं खूश, मोबाइल बाहेर, सुरी आणली. तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं पोरी, गुढी उभारायची असती. कापायची व्हय?"

सगळे गप्प. शेवटी त्यांनी गुढी अलगद काढून देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन, "ताई, देव्हाऱ्यात मुंग्या लागल्यात, त्या गुढीचं काय करू?" आज हसू येतं. त्या दिवशी रडू आलं होतं.

आजींचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मी केकचा फोटो कसा येईल एवढाच विचार केला होता. तो केक ज्या घरात जाणार, त्या घरात त्या दिवशी काय चालू असतं, याचा विचारच केला नव्हता.

म्हणून माझं मत असं आहे: गुढी दारात असू दे. केकवर गुढीच्या भोवतीचं सगळं आणा. गाठी, कडुनिंबाची पानं, आंब्याचं तोरण, झेंडू, रांगोळी. सण लगेच ओळखू येतो, आणि सुरी चालवताना कुणाचा हात अडत नाही.

"पाडव्याला केक कोण खाणार?"

हा प्रश्नही येतो. दुपारच्या पानात श्रीखंड-पुरीच असते, तिथं केकचं काम नाही. पण पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. नवीन दुकान, नवीन गाडी, फ्लॅटची चावी, ऑफिसची पूजा हे सगळं लोक याच दिवशी धरतात. घरात नवीन सून असते, बाळाचा पहिला पाडवा असतो. संध्याकाळी पाहुणे येतात. तुमचा केक त्या वेळेसाठी आहे. त्यामुळे बिनअंड्याचाच करा आणि अर्धा किलो, एक किलो या दोनच मापांत ठेवा. ज्या भांड्यांत आणि ओव्हनमध्ये एरवी अंड्याचा केक करता तीच वापरत असाल, तर विचारल्यावर खरं सांगा. एक ऑर्डर गेली तरी चालेल, विश्वास जाऊ देऊ नका.

आता हिशोब

वही घ्या. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. दोन्ही केक एक किलोचे.

गुढीवाला केक: सामान ३६० रुपये (त्यात फॉन्डंट, रंग, काड्या यांचेच १२०), बॉक्स आणि बोर्ड ५०, गॅस-वीज ३०. एकूण ४४०. विकला ७५० ला. हातात राहिले ३१०.

साधा सजवलेला केक: सामान २७०, बॉक्स आणि बोर्ड ५०, गॅस-वीज ३०. एकूण ३५०. विकला ६५० ला. हातात राहिले ३००.

"मॅडम, मग गुढीवाल्यात दहा रुपये जास्तच मिळाले की!" थांबा. आता घड्याळ बघा. मिश्रण, भाजणं, थर लावणं, भांडी घासणं, पॅकिंग धरून दोन्हीकडे हाताचे दोन तास जातात. गुढीच्या सजावटीला वर चार तास, म्हणजे एकूण सहा. साध्या सजावटीला पाऊण तास, म्हणजे एकूण पावणेतीन तास.

३१० भागिले ६, म्हणजे तासाला जेमतेम ५२ रुपये. ३०० भागिले पावणेतीन, म्हणजे तासाला साधारण १०९ रुपये. बारा तासांत गुढीवाले दोन केक होतील, ६२० मिळतील. साधे चार केक अकरा तासांत होतील, १२०० मिळतील. आणि रात्री झोपही मिळेल.

आपल्याकडं घरच्या बाईचा वेळ कुणी मोजत नाही. तीसुद्धा मोजत नाही. "घरीच तर असते, जरा डेकोरेशन केलं तर काय बिघडलं?" असं आपणच म्हणतो. वर्षभर असं केलं की हात दुखतात, पाठ जाते, वहीत काही उरत नाही, आणि मग घरातले म्हणतात, "बंद कर हे." माझ्या बॅचमधल्या कितीतरी चांगल्या हाताच्या बायका अशाच थांबल्या. केक वाईट होता म्हणून एकही थांबली नाही.

मग सजवायचं कसं?

वर्षाला एकच डिझाइन ठरवा. मी सध्या शिकवते ते असं आहे.

केकला हलक्या केशरी-पिवळ्या रंगाचं क्रीम, बाजू गुळगुळीत. त्यासाठी केशर किंवा चिमूटभर हळद पुरते. वरच्या कडेला आंब्याच्या पानांचं तोरण. पानांसाठी ३५२ नंबरचं नोझल घ्या. दाबा, ओढा, सोडा, पान तयार. मधेमधे झेंडू. १०४ नंबरच्या पाकळीच्या नोझलनं मधून बाहेर लहान लहान पाकळ्या गोल काढत या. मध्यभागी जागा मोकळी सोडा. तिथं साखरेची गाठी येणार आहे.

गाठीबद्दल तीन गोष्टी सांगते, कारण तिथंच चुका होतात.

एक, गाठी फक्त पांढरी घ्या. रंगीत गाठीचा रंग ओल्या क्रीमवर पसरतो.

दोन, गाठी आधीपासून लावून ठेवू नका. ती निव्वळ साखर आहे. क्रीमचं पाणी ओढते आणि विरघळायला लागते. बटर पेपरच्या पुडीत वेगळी द्या आणि सांगा, "केक कापायच्या आधी तुम्हीच घाला." गुढीला गाठी घरचं माणूस घालतं, तसंच केकलाही घरचंच माणूस घालेल. माझ्या अनुभवात लोकांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. फोटोही तेव्हाच निघतो.

तीन, गाठीत दोरा असतो. पाक साच्यात ओततानाच तो आत घालतात. लहान मुलाच्या तोंडात दोरा जाऊ शकतो. पुडीवर चिठ्ठी चिकटवा: "गाठीत दोरा आहे. काढून मगच मुलांना द्या."

आणि खरा झेंडू केकवर लावू नका. बाजारातला झेंडू खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर काय फवारलंय हे आपल्याला कळत नाही. फूल क्रीमचंच करा.

चवीत कोल्हापूर आणायचं असेल तर गूळ वापरा. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय मानांकन आहे. स्पंजमध्ये साखरेऐवजी गूळ पावडर किंवा थरांत गुळाचा दाट पाक आणि भाजलेले काजू घाला. कडुनिंबाबरोबर गूळ खायचा हा दिवस, त्यामुळे समजावून सांगायचीही गरज पडत नाही.

ऊन आणि फ्रीज

पाडव्याची तारीख सरकत असते. २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, यंदा १९ मार्च. कधीही येवो, दुपारचं ऊन असतंच. व्हिपिंग क्रीम थंड भांड्यात फेटा, एकावेळी एका केकपुरतंच. सजवलेला केक दुपारी स्कूटरच्या पायापाशी ठेवून न्यायचा नाही. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, आणि शक्यतो ग्राहकालाच न्यायला बोलवा.

किती ऑर्डर घ्यायच्या हे ओव्हन बघून ठरवू नका, फ्रीज बघून ठरवा. घरच्या फ्रीजमध्ये दूध, भाजी आणि पाडव्याचा चक्का ठेवून किती बॉक्स बसतात? चार? मग एका वेळेला चारच. सकाळचे चार गेले की संध्याकाळचे चार. पाचवी ऑर्डर आली तर "भरली आहे" म्हणायला शिका. पुढच्या वर्षी तीच ताई आठ दिवस आधी फोन करते.

मंगळवारी स्पंज भाजा, गार झाल्यावर घट्ट गुंडाळा. बुधवारी थर लावून क्रीमचा पहिला पातळ हात द्या. गुरुवारी पहाटे फक्त सजावट.

रंगाशी खेळ नको

मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकानं गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि बुढ्ढी के बालमधला रोडामाइन-बी बंद केला. त्याच वर्षी तिथल्या अन्न सुरक्षा खात्यानं बेकऱ्यांमधल्या केकचे २३५ नमुने तपासले, त्यातले १२ असुरक्षित निघाले. कारण होतं रंग. आपल्या देशात ठराविक आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि केकसारख्या पदार्थात मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. गडद भगवा करण्याच्या नादात ही मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. फिकट रंग वापरा. पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर बघूनच घ्या. चकाकीच्या पावडरवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय म्हणजे ती खायची आहे असं नाही.

आणि हो, घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच. छोट्यांसाठी ती ऑनलाइन होते. "नंतर बघू" म्हणू नका.

"पण ग्राहक गुढीच मागतोय"

मागू दे. नाही म्हणू नका, दर सांगा. "गुढी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगावं लागेल आणि चारशे रुपये जास्त होतील. नाहीतर कागदी टॉपर लावून देते, तो काढून ठेवता येतो. आमचं यंदाचं डिझाइन तोरण आणि गाठीचं आहे, फोटो पाठवू का?" एवढं शांतपणे बोलायचं. चारशे देऊन कुणी मागितली तर आनंदानं बनवा, कारण आता तुमच्या चार तासांचे पैसे मिळतायत.

"ताई, जरा कमी करा की" हे तर येणारच, कोल्हापूर आहे! त्याला माझं उत्तर: "दर तोच राहील, अर्धा किलोचा देऊ का?" दर कमी करायचा नाही, माप कमी करायचं. ऑर्डर पक्की करताना निम्मे पैसे आगाऊ घ्या, ओळखीच्याकडूनसुद्धा.

माझ्या या मतामुळे माझ्या दुकानातून फॉन्डंटचे चार डबे कमी जातील. जाऊ देत. तुम्ही पुढच्या पाडव्यालाही केक करत असाल, तर क्रीम आणि बॉक्स न्यायला माझ्याकडं याल. तुम्ही थकून बंद केलंत, तर माझंही गिऱ्हाईक गेलं.

आज एकच काम करा. अर्धा किलोचा एक केक घरच्यांसाठी बनवा, तोरण आणि गाठीचा. मोबाइलवर टायमर लावा. एकूण किती तास लागले ते वहीत लिहा आणि मगच दर ठरवा. तो दर आणि ते तास मला कमेंटमध्ये कळवा, पुढच्या व्हिडिओत आपण तुमच्याच आकड्यांवर बोलू.

पाडव्याच्या आगाऊ शुभेच्छा! गुढी दारात उंच उभी राहू दे, आणि गल्ल्यात चार पैसे पडू देत.