उसाच्या फडातील गर्भवती आणि रक्तातील साखर

मधुमेह हा सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या माणसांचा रोग, हा समज कष्टकऱ्यांच्या चळवळीतही अद्याप पुरता गेलेला नाही. गर्भारपणात प्रथमच आढळणारा मधुमेह हा तर कार्यकर्त्यांच्या बैठकीत कधी विषयपत्रिकेवर येतच नाही. तो डॉक्टरांचा आणि घरातल्या बायकांचा विषय मानला जातो. वस्तुतः तो मजुरीचा, धान्याचा आणि रजेचा प्रश्न आहे.

गर्भाला पोसणारी वार काही संप्रेरके तयार करते आणि त्यांच्यामुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. गर्भाला साखर मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन पुरवून तोल सांभाळते. ज्यांचे सांभाळू शकत नाही, त्यांच्या रक्तातील साखर वाढते. वारेतून साखर पलीकडे जाते, मातेचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग गर्भालाच स्वतःचे इन्सुलिन अधिक तयार करावे लागते, त्याच्या अंगावर चरबी चढते, प्रसूती अवघड होते. आणि नाळ कापल्यावर त्या अर्भकाची साखर एकाएकी घसरण्याचा धोका असतो. ‘गोड खाल्लेस म्हणून झाले’ हा सासरघरचा ठपका किती अन्यायकारक आहे, हे यावरून ध्यानी यावे. फडातल्या बाईच्या वाट्याला चहाखेरीज गोड येते तरी कुठे?

या रोगाला बहुधा लक्षणे नसतात. तो तपासल्यावाचून कळत नाही. केंद्र शासनाने 2014 साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या व 2018 साली त्या सुधारल्या. प्रत्येक गर्भवतीला पहिल्याच भेटीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजावे, दोन तासांनी रक्त तपासावे, साखर 140 मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर उपचार सुरू करावेत. आणि पहिली तपासणी निर्दोष निघाली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी, असे त्यांत आहे. या चाचणीला उपाशीपोटी यावे लागत नाही. लांबून आलेल्या गरीब स्त्रीला दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी बोलावले तर ती येणार नाही, हे ओळखून चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा आग्रह धरला होता. धोरण चांगले आहे, हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे.

अडचण पुढे आहे. उपचाराची पहिली पायरी औषधाची नसून ताटाची आहे. थोडे थोडे पण वेळेवर खावे, जेवण चुकवू नये, भाकरीच्या जोडीला डाळ, अंडे, दूध, पालेभाजी असावी, रोज अर्धा तास चालावे. दोन आठवड्यांनी, जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या आत आली नाही, तरच मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. बहुसंख्य स्त्रियांचे आहारानेच भागते. म्हणजे औषध स्वस्त. महाग आहे ते डाळीचे वरण आणि मोकळा वेळ.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याकडे पाहावे. बाई तीन महिन्यांची गरोदर असेल, तर पहिली तपासणी फार तर गावी होईल. दुसरीची वेळ येते तेव्हा ती कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडात असते. उचल फिटेपर्यंत परतता येत नाही. दवाखान्यासाठी दिवस मोडला तर खाडा लागतो. पहाटे अंधारात निघायचे, बांधलेली भाकरी चटणीबरोबर हाताला सवड मिळेल तेव्हा खायची. तिला ‘दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खा’ असे सांगणे ही थट्टा आहे.

एवढे राबणाऱ्या बाईला मधुमेह कसा होईल, असा प्रश्न कोणी विचारील. कष्टाने साखर उतरते हे खरे; पण रिकाम्या पोटी उचललेली मोळी म्हणजे व्यायाम नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांतल्या मातांचा व मुलांचा अभ्यास चालवला. तिथली अर्भके सरासरी 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळ हलकी. परंतु त्यांची चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती. ज्या माता गरोदरपणात अधिक कष्ट करीत, त्यांची मुले आणखी लहान भरली. जन्मतः हलक्या मुलींना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. आईची उपासमार अशी लेकीच्या गर्भारपणापर्यंत पोचते.

बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली होती. पुढल्या वर्षी कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ऊसतोड बाईला ती मिळत नाही; कारण कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला गहू-तांदूळ दिला, डाळ दिली नाही.

आदिवासी क्षेत्रातील गर्भवतींना एक वेळचे गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्रानेच 2015 साली सुरू केली. तसेच जेवण फडावरच्या कोप्यांत का देऊ नये? साखर आयुक्त गाळपाचा परवाना देताना कारखान्यांना अनेक अटी घालतात. टोळीतील प्रत्येक गर्भवतीची चाचणी, तिला रोजचे जेवण आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा माफ, या तीन अटी त्यांत बसवण्यासाठी येत्या हंगामाआधी संघटनांनी साखर संकुलावर धडक दिली पाहिजे.

तोवर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आशाताईंना सोबत घेऊन, टोळ्या निघण्यापूर्वी गरोदर स्त्रियांची यादी करावी, पहिली चाचणी करवून तिचा कागद बाईच्याच हाती द्यावा. जिची साखर वाढलेली निघेल, तिची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी व्हावी लागते, आणि पुढेही तपासत राहावे लागते. बहुतेक टोळ्या चैत्राच्या सुमारास परततात. तेव्हा ती यादी पुन्हा काढावी.