गंधहीन वायूची चाहूल

हायड्रोजन हा रंगहीन व गंधहीन वायू हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळला गेला, की क्षीण ठिणगीनेही पेट घेतो. त्यामुळे गळती नाकाला कळत नाही आणि विजेवर चालणारा संवेदक, म्हणजे वायूची चाहूल घेणारे उपकरण, स्वतःच ठिणगीचे कारण ठरू शकतो. प्रकाशीय संवेदकाचे महत्त्व नेमके येथे आहे. केसाएवढ्या जाडीच्या काचतंतूच्या टोकावर पॅलेडियम धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषून फुगतो, त्यावरून परतणारा प्रकाश बदलतो आणि तो बदल दूर बसून मोजता येतो. पॅलेडियमचा थर दिलेला तंतुसंवेदक १९८४ मध्येच मांडला गेला. मात्र वारंवार फुगून-आकसून थर सोलवटतो, हे त्याचे जुने दुखणे आहे; सोन्यासारख्या धातूच्या मिश्रणाने ते कमी होते, पण पुरते जात नाही.

छत्रपती संभाजीनगरमधील हर्सूलच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विषय परका नाही : १९५८ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ जवळच आहे, औष्णिक वीजकेंद्रांतील मोठी जनित्रे हायड्रोजननेच थंड ठेवली जातात आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन अभियानाचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे ठरले. उत्पादनाच्या आकड्यांपुढे गळतीची चर्चा मागे पडते, हे बरे नव्हे. प्रयोगशाळेतील कोरड्या हवेत मिळालेला संवेदकाचा आलेख पावसाळ्याच्या दमट हवेत टिकतो का, हे तपासणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली टिपणे, फसलेल्या प्रयोगांसह, या मासिकाकडे जरूर पाठवावीत.