टॅक्सीवाल्याची मर्सिडीज

महाराष्ट्रात कुणाच्या दारात मर्सिडीज उभी राहिली, की शेजारीपाजारी गाडीबद्दल बोलत नाहीत, मालकाच्या उत्पन्नाबद्दल बोलतात. जमीन विकली असेल, ठेका मिळाला असेल, नाहीतर वरून काहीतरी आलं असेल. गाडी चांगली की वाईट, किती टिकते, गॅरेजची वारी किती वेळा करावी लागते, हे विचारायची गरजच कुणाला वाटत नाही. तीन टोकांचा तारा दिसला की ते सगळं धरूनच चालायचं. हे धरून चालणं आलं कुठून? माझं म्हणणं असं की ही पत मिळवली टॅक्सीवाल्यांनी आणि ट्रकवाल्यांनी, कंपनीने ती श्रीमंतांना विकली, आणि ज्या काळात कंपनीला या देण्याचा विसर पडला त्या काळात तिचं नाव खाली आलं. राजेरजवाडे आणि शर्यतींचे करंडक यांचा त्यात वाटा आहे, पण तो समजतात तेवढा नाही.

कंपनीचा अधिकृत इतिहास सुरू होतो २९ जानेवारी १८८६ या तारखेपासून. मानहाइमच्या कार्ल बेंझने त्या दिवशी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण गिऱ्हाईक फिरकेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, ती गाडी चालवत माहेरी फॉर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. तार उघडी पडली तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेऊन इंधन म्हणून ओतलं, आणि ब्रेकचा ठोकळा झिजला तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ही गोष्ट बाईच्या धाडसाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण ती गाडीच्या परीक्षेचीही आहे. मोटार कामाला येते हे लोकांना पटलं ते ती वाटेत बिघडून, वाटेतच दुरुस्त होऊन मुक्कामाला पोचली म्हणून. यानंतरचा भाग भरभर सांगता येतो. श्टुटगार्टच्या दाइमलर कंपनीने १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखच्या हातची एक नवी दमदार गाडी आणली. नीसमध्ये राहणारा व्यापारी एमिल येलिनेक हा तिचा मोठा खरेदीदार, आणि त्याच्या मुलीचं नाव मर्सिडीज; तेच गाडीला मिळालं. १९२६ मध्ये दाइमलर आणि बेंझ एक झाल्या.

पत कमावण्याचा खरा हिशेब सुरू होतो दहा वर्षांनी. १९३६ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात कंपनीने '२६० डी' ही डिझेलवर चालणारी मोटार मांडली. डिझेल तोवर ट्रकचं आणि जहाजाचं इंजिन. मोटारीत ते घालायचं म्हणजे खडखडाट आणि धूर. हौशी गिऱ्हाइकाने नाक मुरडावं अशीच ही गाडी होती. पण टॅक्सीवाल्यांनी ती उचलली, कारण पेट्रोलच्या तुलनेत ती बरंच कमी पीत होती आणि डिझेल स्वस्त होतं. युद्धानंतर हीच परंपरा १८० डी, २०० डी, २४० डी अशी पुढे गेली. टॅक्सीवाला गाडी मिरवायला घेत नाही. गाडी बंद तर त्या दिवसाची चूल बंद. इंजिन किती किलोमीटरला उतरवावं लागलं, क्लच कधी गेला, हे तो पाठ ठेवतो आणि स्टँडवर दुसऱ्याला सांगतो. एखाद्या उद्योगपतीच्या गाडीपेक्षा त्याची गाडी वर्षाला कितीतरी पट पळते, म्हणून त्याची साक्षही तितक्या पटीने वजनदार.

१९७६ साली आलेली, कारखान्यात 'डब्ल्यू १२३' म्हणून ओळखली जाणारी मालिका हा या सगळ्याचा कळस. दहाएक वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. तिच्यातली २०० डी ही ५५ अश्वशक्तीची. शंभराचा वेग गाठायला तिला अर्धं मिनिट लागे. आज एवढी सुस्त गाडी कुणी फुकट घेणार नाही. तेव्हा मात्र नवी गाडी मिळायला लोक महिनोन्महिने थांबत, आणि पहिल्या वर्षी तर जेमतेम वापरलेली गाडी नव्याच्या किमतीला जाई. यातली मेख अशी की स्टेशनाबाहेरची फिकट हस्तिदंती रंगाची टॅक्सी आणि डॉक्टरच्या बंगल्यातली महागडी २८० ई यांचा सांगाडा एकच होता. तेच दार, तीच चाकं धरणारी जोडणी, तोच पत्रा. त्या डॉक्टरने पैसे जास्त मोजले ते मोठ्या इंजिनाचे आणि उंची सजावटीचे. टिकाऊपणाची खात्री त्याला फुकटात मिळाली होती, कारण ती टॅक्सीने आधीच लाखो किलोमीटर पळून सिद्ध केली होती. ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या एका टॅक्सीचालकाने आपली, याच्या आधीच्या मालिकेतली २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाने घेतली. मधे इंजिनं बदलली होती, हे सांगायला हवं. पण ४६ लाख किलोमीटरनंतर सांगाडा शिल्लक होता, हेच तर सांगायचं आहे. मोरोक्कोत याच जातीच्या जुन्या गाड्या पुढे दोन आणि मागे चार उतारू कोंबून गावोगाव धावल्या.

उतारू कोंबण्यात आपण मोरोक्कोला हार जाणारे नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या ट्रॅक्सने वडाप केलं, जिच्यात बारा-पंधरा माणसं आणि टपावर कोंबड्यांची खुराडी मावली, तिच्यातलं इंजिन मुळात त्या २४० डीचंच. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ते परवान्यावर इथे बनवलं. टेम्पो ट्रॅव्हलरही मूळ मर्सिडीजच्या व्हॅनवरूनच घेतलेली. म्हणजे लग्नाचं वऱ्हाड आणि पंढरीचे वारकरी नेणाऱ्या गाड्यांतून ग्रामीण महाराष्ट्र मर्सिडीजमध्ये बसलाच होता; बॉनेटवर तारा नव्हता इतकंच. तारा त्याआधी आला होता ट्रकवर. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने दाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. घाट चढणारा, दुप्पट वजन लादलं तरी कुरकुर न करणारा हा ट्रक देशभरच्या मिस्त्र्यांचं विद्यापीठ ठरला. १९६९ मध्ये करार संपला, टाटांनी स्वतःचं नाव लावलं, आणि सुमंत मुळगावकरांनी पिंपरी-चिंचवडला उभारलेल्या कारखान्याच्या बळावर धंदा पुढे नेला. भारतीय माणसाला हा तारा पहिल्यांदा ओळखीचा झाला तो मालवाहू गाडीच्या जाळीवर.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: मग त्या चंदेरी शर्यतीच्या गाड्या, वर उघडणाऱ्या दारांची ३०० एसएल आणि पोपपासून हुकूमशहांपर्यंत सगळ्यांच्या ताफ्यातली ती लांबलचक '६००', यांनी काहीच केलं नाही का? केलं. त्यांनी नाव गाजवलं. पण नाव गाजणं आणि चार पैसे जास्त देऊन डोळे मिटून घेण्याइतका भरवसा वाटणं, या दोन गोष्टी एक नाहीत. शर्यती इतरांनीही जिंकल्या. जग्वारने ल माँ पाच वेळा जिंकली ती १९५० च्या दशकात, आणि तरी पुढे जग्वार म्हटलं की लोकांना आधी बिघाडच आठवायचा. आणि सत्ताधीशांच्या ताफ्याचा पुरावा तर उलट्या दिशेनेही बोलतो. हिटलर मिरवायचा ती ७७० मर्सिडीजच होती. त्याच्या विमानांना याच कंपनीची इंजिनं लागत, आणि १९४४ मध्ये कंपनीच्या कामगारांपैकी जवळपास निम्मे सक्तीने राबवलेले परदेशी, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदिवान होते, हे कंपनी स्वतः मान्य करते. १९८८ मध्ये तिने याबद्दल दोन कोटी मार्क दिले. हा डाग असताना युद्धानंतर ही पत पुन्हा उभी कशी राहिली? कैरोच्या किंवा अथेन्सच्या टॅक्सीवाल्याने कंपनीचा इतिहास वाचलाच नव्हता. त्याने गाडीचा हिशेब वाचला. हे नैतिकदृष्ट्या सुखद नाही. पण पत अशीच चालते, आणि या आंधळेपणाचा दोष ज्याचा त्याने घ्यावा.

ऐंशीच्या दशकात कंपनीला मोटारीपेक्षा मोठं व्हायचं होतं. एईजी, डॉर्निए, पुढे फोकर असे विजेच्या वस्तूंचे आणि विमानांचे उद्योग तिने पदरात घेतले. ते अंगाशी आले आणि १९९५ मध्ये साडेपाच अब्ज मार्कांच्या वर तोटा झाला. मधल्या काळात, १९८९ मध्ये, टोयोटाने अमेरिकेत लेक्सस आणली. जवळपास तितकीच शांत, तितकीच चोख गाडी बऱ्याच कमी पैशांत मिळू लागली. आधी अभियंते गाडी बनवत आणि मग तिची किंमत ठरे. आता किंमत आधी ठरू लागली आणि गाडी तिच्यात बसवली जाऊ लागली. त्याची फळं पत्र्यावर दिसली. १९९५ ला आलेल्या नव्या ई-क्लासच्या दारांच्या कडांवर आणि चाकांवरच्या कमानींवर गंजाचे फोड यायला लागले. पुढच्या स्प्रिंगची बैठकच गंजून सुटण्याच्या तक्रारी आल्या. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने छोटी ए-क्लास अचानक वळवून पाहिली तर ती कलंडली. १९९८ ला क्रायस्लरशी लग्न, २००७ ला काडीमोड. आणि २००५ मध्ये १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्या इतिहासातली तोवरची ती सर्वात मोठी माघार.

याच वळणावर आपण भारतीयांनी एक मासलेवाईक गोष्ट केली. १९९५ मध्ये पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, ई-क्लास जोडायला सुरुवात झाली. ती होती 'डब्ल्यू १२४', म्हणजे युरोपात निवृत्त होत असलेली जुनी मालिका. इथल्या श्रीमंतांचा मानभंग झाला. जर्मनीत नवी निघाली आणि आम्हाला उतरलेली देता? विक्री अपेक्षेच्या पुष्कळ खाली राहिली. आज गाड्यांचे जाणकार ज्या मालिकेला हिशेबनिसांचा हात लागण्यापूर्वीची शेवटची मर्सिडीज म्हणतात, ती हीच. आणि जिच्यासाठी आपण हळहळलो ती म्हणजे ती गंजणारी. कुणी म्हणेल, हे सगळं जुनं ते सोनं छाप गाणं आहे; रस्त्यावर टिकून राहिलेल्याच जुन्या गाड्या आपल्याला दिसतात, भंगारात गेलेल्या दिसत नाहीत. मुद्दा रास्त आहे. डब्ल्यू १२३ लाही गंज चढे, आणि डब्ल्यू १२४ च्या शेवटच्या काही वर्षांतल्या गाड्यांच्या वायरींवरचं आवरण ठिसूळ होऊन गळून पडे, म्हणजे उतरण त्याच मालिकेत सुरू झाली होती. पण टॅक्सीवाल्यांचा पुरावा आठवणींवर उभा नाही. तो रोजच्या कमाईवर उभा आहे, आणि ती माणसं भावुक होऊन पैसे घालवत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. नव्वदच्या दशकात नाव खाली आलं तरी कंपनी बुडाली नाही; उलट २०२२ मध्ये तिने जाहीरच केलं की छोट्या, स्वस्त गाड्या कमी करून भर अतिमहागड्या गाड्यांवर राहील. मग टॅक्सीवाल्याची गरज काय? धंद्याच्या दृष्टीने याला काही काळ उत्तर नसतं, कारण पत ही साठवलेली असते आणि साठा संपेपर्यंत खर्च जाणवत नाही. सुरक्षेच्या बाबतीत कंपनीने हा साठा पुन्हा भरला, हेही मान्य करायला हवं. कलंडलेल्या ए-क्लासमध्ये तिने घसरण रोखणारी यंत्रणा सरसकट बसवली आणि त्यातून छोट्या गाड्यांत ती रुळायला मदत झाली. पण डिझेलच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. ज्या इंजिनाने टॅक्सीवाल्याचा विश्वास कमावला, त्याच इंजिनाच्या धुराबद्दल अमेरिकेत २०२० मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलर सरकारी यंत्रणांना देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये ट्रकचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत मोटारींच्या कंपनीने मर्सिडीज-बेंझ हेच नाव घेतलं. भारतात तर ही फारकत आधीच झाली होती: २०१२ पासून चेन्नईजवळच्या कारखान्यातून जे जर्मन ट्रक निघतात त्यांच्यावर 'भारतबेंझ' लिहिलेलं असतं, आणि तारा राहतो तो चाकणला जोडल्या जाणाऱ्या मोटारींवर. गंमत अशी की चाकणच्या त्या आलिशान मोटारींची इंजिनं जोडून आणि तपासून देण्याचं काम १९९७ पासून फोर्स मोटर्सकडे आहे, म्हणजे ट्रॅक्सवाल्यांकडेच. शोरूममध्ये ही माहिती कुणी देत नाही. द्यायला हवी, पन्नास-साठ लाख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला चामड्याच्या खुर्च्या आणि पडद्यांच्या रांगेपेक्षा ती जास्त धीर देईल.