पोर्टलवर आमचा मोहल्ला नव्हता

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मागच्या महिन्यात वर्गातली एक मुलगी आठवडाभर आली नाही. घरी गेलो तेव्हा तिची अम्मी म्हणाली, "सर, नळाला गढूळ पाणी येतं. धाकट्याला जुलाब लागलेत. मी मजुरीला गेले नाही तर चूल कशी पेटणार? म्हणून हिला घरी ठेवलं."

त्या रात्री मी मोबाईलवर ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडलं. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, ते सुरू केलं. कुठल्याही गावाचा विकास आराखडा, त्यातली कामं आणि झालेला खर्च तिथे कुणालाही पाहता येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या फुटक्या पाइपलाइनचं काम मी शोधलं. आराखड्यात ते नव्हतंच.

पैसे खाल्ले असते तर तक्रार करता आली असती. पण इथे कुणी मागितलंच नव्हतं! पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. आणि आमच्यातले किती जण ग्रामसभेला जातात? मी स्वतः किती वेळा गेलो?

डिजिटल बजेटमुळे हिशेब उघड झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण नुसत्या उघड्या हिशेबाने गरिबी हटत नाही. तो कुणीतरी वाचावा लागतो, ज्याला वाचता येत नाही त्याला समजावून सांगावा लागतो आणि मग सभेत उभं राहून बोलावं लागतं. आपल्या शिकलेल्या मुलांनी एवढं तरी करावं. पोर्टलवरचं ते पान सोप्या मराठीत आणि उर्दूत लिहून चौकात लावावं. दरवर्षी लावावं.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. मी त्या अम्मीला म्हटलं, तुम्ही तिथे पाण्याचं बोला. ती म्हणाली, "बोलेन, सर. पण सभा दुपारी असते. त्या दिवसाची मजुरी कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ग्रामसभेत मी पाइपलाइनच्याही आधी एक मागणी करणार आहे: महिलांची सभा संध्याकाळी घ्या.