आईच्या पुस्तकांचं कपाट

आई गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी लवकर होते. दागिने लेकीसुनांकडे जातात, साड्या आठवण म्हणून बहिणी-जावा नेतात, भांडी ज्याला लागतील त्याला. पुस्तकांचं काय करायचं, हे मात्र पटकन कुणाला सुचत नाही. आमच्या इंदूरच्या घरात आईची चारशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यातली निम्मी तरी प्रवासाची.

आई पोस्टात नोकरीला होती. पगार बेताचाच, पण चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जाण्यासाठी मिळणारी एलटीसी तिने कधी वाया घालवली नाही. गाडीचं आरक्षण होण्याआधी घरात पुस्तक यायचं. झाशीला जायचं ठरलं, तेव्हा तिने विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ आणलं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते त्याच शहरात होते. पुस्तक छापून आलं ते १९०७ मध्ये. किल्ल्यावर तटाच्या सावलीत बसून आईने आम्हा भावंडांना त्यातली पानं वाचून दाखवली. शाळेच्या पुस्तकातली लक्ष्मीबाई मला त्या दुपारी पहिल्यांदा खरी वाटली.

निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून ती एकदाच परदेशी गेली, लंडनला. सोबत मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ आणि पुलंचं ‘अपूर्वाई’. सहलीतल्या बायका खरेदीला गेल्या की ही बाकावर बसून पुस्तकातली जागा आणि समोरची जागा ताडून बघायची. पेन्सिल हातात असायचीच. ‘माझा प्रवास’च्या एका समासात तिने लिहून ठेवलंय, ‘गाडी तीन तास उशिरा. भटजी पायी आले होते. कुरकुर नको.’

बाबांना मात्र तिच्याबरोबर फारसं जाता आलं नाही. किराणा दुकान बंद ठेवून कसं चालणार? म्हणून आई प्रत्येक गावाहून त्यांना पोस्टकार्ड टाकायची. पुष्कळदा कार्डाच्या आधी तीच घरी पोचायची. तेराव्यानंतर आम्ही कपाट उघडलं, तेव्हा ती सगळी कार्डं पुस्तकांत सापडली. झाशीचं कार्ड ‘माझा प्रवास’मध्ये, लंडनचं ‘माझं लंडन’मध्ये. वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचणाऱ्या बाबांनी प्रत्येक कार्ड नेमक्या पुस्तकात जपून ठेवलं होतं.

दादाचं म्हणणं होतं, पुस्तकं वाचनालयाला द्यावीत, कपाटात त्यांना वाळवीच लागेल. ताईला एकही पुस्तक घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी बाबाच म्हणाले, “जिच्यात तिचं अक्षर आहे, ती ठेवा. बाकीची वाचणाऱ्यांच्या हाती जाऊ देत.” मग आम्ही तिघांनी बसून एकेक पुस्तक उघडून पाहिलं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं जरूर करा. रद्दीवाल्याला किंवा वाचनालयाला काही देण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं चाळा. चिठ्ठ्या, तिकिटं, कधी फोटोसुद्धा निघतो. वाचनालयालाही आधी विचारा, फाटकी पुस्तकं किंवा त्यांच्याकडे असलेल्या पुस्तकांच्या जादा प्रती ते सहसा घेत नाहीत.

शेवटची दोन वर्षं काचबिंदूमुळे आईला वाचता येत नव्हतं. रोज रात्री नऊला मी बंगळुरूहून फोन करायचे आणि दहा-बारा पानं वाचून दाखवायचे. नर्मदा परिक्रमेची तिची इच्छा राहूनच गेली होती. १३१२ किलोमीटरची नदी, तीही दोन्ही काठांनी चालायची! म्हणून आम्ही गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ घेतली होती. ती अर्धीच राहिली. तिच्या अस्थी ओंकारेश्वरला नर्मदेत सोडल्या, तेव्हा ते पुस्तक माझ्या पिशवीत होतं.

महिन्याभराने एका रात्री नऊ वाजता बाबांचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, “ते नर्मदेचं कुठवर आलं होतं?”

आता आम्ही तिथून पुढे वाचतो आहोत. आई मुकाट्याने ऐकायची, बाबा मधेच थांबवतात. परवा विचारलं, “या परिक्रमावाल्यांना रोजचा शिधा कोण देतं?” काठावरची गावं सदावर्त देतात, असं मी सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पावसाळा संपला की परिक्रमा सुरू होतील ना? तू आलीस की आपण ओंकारेश्वरला डाळ-तांदूळ घेऊन जाऊ. तिच्या नावाने.”