गंज कुठे चढतो, ते आधी पाहा

जपानमध्ये १९७९ साली ‘मोबाईल सूट गंडम’ ही कार्टून मालिका टीव्हीवर आली. पुढच्याच वर्षी बांदाई कंपनीने तिच्यातल्या रोबोटचे प्लास्टिक किट बाजारात आणले. आज हे किट आपल्याकडच्या मुलांच्या हातातही दिसते. कुणाला आखातातून आलेल्या मामूंनी दिलेले असते, तर कुणी ईदीचे पैसे साठवून मागवलेले असते. भाग कापायचे आणि एकमेकांत दाबून बसवायचे. गोंद बहुधा लागतच नाही. दोन-तीन संध्याकाळी रोबोट उभा राहतो, पण दिसतो मात्र नव्या बादलीसारखा चकचकीत.

तो खऱ्या यंत्रासारखा वाटावा म्हणून त्यावर धूळ, ओरखडे, गंज आणि काजळी रंगाने दाखवतात. याला वेदरिंग म्हणतात. इथेच मुलांचा हात अडतो. एवढी महाग वस्तू, खराब झाली तर? भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय दोन: आधी नीट पाहणे आणि आधी दुसरीकडे करून पाहणे.

पाहायला हिंगोली जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. आपल्याकडे हळद काढली की ती शिजवतात, वाळवतात आणि फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. हळद शिजवायचे कुकर जवळून पाहा. काजळी खाली, जाळाच्या बाजूला असते. पाणी ओघळते तिथे डागांच्या उभ्या रेघा असतात. गंज पत्राभर सारखा नसतो. सांध्यात, बोल्टभोवती आणि पाणी साचणाऱ्या खालच्या कडेला तो आधी धरतो. ट्रॅक्टरचा रंग उडतो तो पाय ठेवायच्या पायरीवर आणि हात लागतो तिथे. काळ्या मातीचा चिखल ओला असताना काळाभोर दिसतो, वाळला की राखाडी होतो. नियम एकच: ज्या डागाचे कारण सांगता येत नाही, तो डाग काढायचा नाही.

मापाचेही भान हवे. १८ मीटर उंचीचा रोबोट १/१४४ मापात साडेबारा सेंटीमीटरचा होतो. म्हणजे त्यावरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या यंत्रावर १४ सेंटीमीटरपेक्षा मोठा! म्हणून ठिपके बारीकच हवेत.

आता चार पद्धती. सराव प्लास्टिकच्या जुन्या चमच्यांवर किंवा भाग कापून उरलेल्या चौकटीवर करा. त्यावर आधी मॅट वार्निशचा पातळ हात देऊन एक दिवस वाळू द्या, म्हणजे रंग धरतो.

कोरडा ब्रश: जुन्या चपट्या ब्रशला चंदेरी ॲक्रिलिक रंग लावा आणि जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका. उरलेल्या रंगाने कडांवरून हलके फिरवा. कडा घासून धातू उघडा पडल्यासारखा दिसतो.

स्पंज: भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा कापू नका, फाडा. गडद तपकिरी रंगात टेकवा, कागदावर टिपा, मग कडांवर हलकेच टेकवा. उडालेल्या रंगाचे पोपडे तयार होतात.

मीठ: आधी गंजाचा तपकिरी रंग देऊन पूर्ण वाळवा. वर वार्निश द्या. तेही वाळले की पाण्याचा हात फिरवून मिठाचे कण चिकटवा. सुकल्यावर वरचा रंग द्या. तो वाळला की मीठ चोळून काढा. खालचा गंज डोकावतो.

भुकटी: कोरड्या पेस्टल खडूची भुकटी पायांवर ब्रशने लावा. तेलकट पेस्टल चालत नाही. पिवळ्या धुळीसाठी स्वयंपाकघरातली हळद वापरायचा मोह होईल, पण हळदीचा रंग उजेडात उडतो. पिवळा खडूच घ्या.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. थिनरने किंवा लायटरच्या तेलाने ताणलेले प्लास्टिक तडकू शकते, आणि त्याचा वास बंद खोलीत घातक असतो. मुलांनी पाण्यात मिसळणारे रंगच वापरावेत. स्प्रे मारायचा असेल तर गच्चीवर, तोंडाला मास्क लावून आणि मोठ्या माणसासमोर. लहान भावंडांना लांब ठेवा.

आणि पहिला चमचा तयार झाला की तो घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा. अब्बू वेल्डिंग करत असतील, चाचा ट्रॅक्टर दुरुस्त करत असतील, तर ‘गंज इथे चढेल का?’ असे त्यांना विचारा. लोखंड कुठे आधी सडते हे ज्यांच्या हातांना रोजचे ठाऊक आहे, त्यांच्याकडून मुलाने शिकावे. कळकट कपड्यांत घरी येणाऱ्या बापाकडे केवढी विद्या आहे, हेही त्याला त्या निमित्ताने कळेल. चमच्यावर त्यांची मान डोलली, की मग खुशाल रोबोट हातात घ्या.